कोण कुणाला उत्तर देतं: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रश्न आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला झालं तर परत यायला जागा राहील. ऑनलाइन चर्चा करणाऱ्या समुदायात कोण कुणाला प्रतिसाद देतं, एवढ्याच माहितीवरून त्या समुदायाबद्दल काय सांगता येतं? मजकुराला हात लावायचा नाही. कोण, कुणाला, कधी, बस.

डेटा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्नॅप संग्रहातला, मॅथओव्हरफ्लोचा. मॅथओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झालं. संशोधनाच्या पातळीवरचे गणिताचे प्रश्न तिथे विचारले जातात आणि उत्तरं देणारेही बहुतेक गणितीच. हा डेटा घेण्याची कारणं दोन: फाइल साध्या लॅपटॉपवर उघडते, आणि तीन प्रकारचे प्रतिसाद त्यात वेगळे ठेवलेले आहेत. प्रश्नाला दिलेलं उत्तर, प्रश्नाखालची टिप्पणी आणि उत्तराखालची टिप्पणी. प्रत्येक ओळीत फक्त तीन आकडे: लिहिणाऱ्याचा क्रमांक, ज्याच्या मजकुराखाली लिहिलं त्याचा क्रमांक, आणि वेळ सेकंदांत. अशी एक ओळ म्हणजे एक बाण, आणि सगळे बाण मिळून एक जाळं. प्रतिसादाच्या प्रत्येक प्रकाराला थर म्हणते.

संग्रहाने दिलेले आकडे:

उत्तरं: २१,६८८ माणसं, १,०७,५८१ बाण, ९०,४८९ वेगवेगळ्या जोड्या
प्रश्नाखालच्या टिप्पण्या: १६,८३६ माणसं, २,०३,६३९ बाण, १,०१,३२९ जोड्या
उत्तराखालच्या टिप्पण्या: १३,८४० माणसं, १,९५,३३० बाण, ८१,१२१ जोड्या
सगळं मिळून: २४,८१८ माणसं, ५,०६,५५० बाण, २,३९,९७८ जोड्या

कालावधी २,३५० दिवस, म्हणजे सप्टेंबर २००९ ते मार्च २०१६. तिन्ही थरांतल्या बाणांची बेरीज एकूण बाणांशी बरोबर जुळते. जोडी म्हणताना दिशा धरलेली आहे: क ने ख ला लिहिणं ही एक जोडी, ख ने क ला लिहिणं ही दुसरी.

७ जानेवारी

एकही आलेख न काढता, नुसत्या भागाकारावर आजचा दिवस चांगला गेला.

बाणांना जोड्यांनी भागलं की एका जोडीत सरासरी किती वेळा बोलणं झालं ते कळतं. उत्तरांच्या थरात १.१९. प्रश्नाखालच्या टिप्पण्यांत २.०१. उत्तराखालच्या टिप्पण्यांत २.४१. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं, तर पुन्हा त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ क्वचितच येते. टिप्पण्यांत मात्र तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. उत्तर देताना माणूस प्रश्नाकडे बघतो, कुणाचा आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. टिप्पणी करताना तो संभाषणात असतो. तिन्ही थर एकत्र करून सरासरी काढली तर २.११ येते आणि हा फरक पार बुजून जातो. त्यामुळे अहवालात कुठेही थर एकत्र करायचे नाहीत.

दुसरा हिशोब जोड्यांचा. तिन्ही थरांच्या जोड्यांची बेरीज २,७२,९३९ होते, पण एकत्र जाळ्यात जोड्या २,३९,९७८ आहेत. फरक ३२,९६१ चा. एखादी जोडी दोन थरांत असेल तर या फरकात एकदा मोजली जाते, तिन्ही थरांत असेल तर दोनदा. म्हणजे एकाहून जास्त थरांत दिसणाऱ्या जोड्या जास्तीत जास्त ३२,९६१ आणि कमीत कमी १६,४८१. एकूण जोड्यांच्या ७ ते १४ टक्के. उरलेल्या ८६ ते ९३ टक्के जोड्यांचं नातं एकाच प्रकारचं आहे. उत्तर देणारे आणि टिप्पणी करणारे म्हणजे तीच मंडळी दोन कामं करताहेत, अशी माझी सहज समजूत होती. माणसं तीच असतीलही, पण ज्यांच्याशी बोलतात ते वेगळे.

२४,८१८ मधून २१,६८८ वजा केले की ३,१३० उरतात. हे लोक उत्तरांच्या थरात कुठेच नाहीत, फक्त टिप्पण्यांत आहेत. यांना 'नुसते टिप्पणी करणारे' म्हणायचा मोह होतो, पण थांबावं लागतं. जाळ्यात बाण सोडणारा असतो तसा झेलणाराही असतो. ज्याने एक प्रश्न विचारला, उत्तर कुणीच दिलं नाही, पण खाली कुणी 'प्रश्न नीट मांडा' असं लिहून गेलं, तोही या ३,१३० मध्येच. शिवाय दुसऱ्याच्या मजकुराखाली टिप्पणी करायला तिथे ५० गुण लागतात. स्वतःच्या प्रश्नाखाली आणि त्यावर आलेल्या उत्तरांखाली मात्र कुणालाही लिहिता येतं. नवखा माणूस कुठे दिसेल हे त्याच्या स्वभावाआधी या नियमाने ठरतं.

९ जानेवारी

तुलनेसाठी त्याच संग्रहातला आणखी एक डेटा उघडला: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारातल्या विद्यार्थ्यांचे खासगी निरोप. १,८९९ माणसं, ५९,८३५ निरोप, २०,२९६ जोड्या, १९३ दिवस. इथे प्रत्येक निरोप कुणाला आहे ते पाठवणाऱ्याने स्वतः निवडलेलं. एका जोडीत सरासरी २.९५ निरोप.

घनता काढली, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या जोड्यांपैकी किती प्रत्यक्षात आहेत. विद्यार्थ्यांत ०.५६ टक्के, मॅथओव्हरफ्लोत ०.०३९ टक्के. चौदापट फरक! पण माणशी किती जणांना लिहिलं हे पाहिलं तर तिकडे १०.७ आणि इकडे ९.७, म्हणजे जवळपास सारखंच. माणसं वाढली की शक्य जोड्या माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या वेगाने वाढतात, आणि कुणाचीही बोलण्याची ताकद त्या वेगाने वाढत नाही. वेगवेगळ्या आकाराच्या समुदायांची घनता शेजारी ठेवून 'हा जास्त घट्ट, तो विरळ' असं म्हणण्यात काही अर्थ नाही. अहवालात घनता द्यायची नाही असं ठरवलं.

१२ जानेवारी

वाचन. २००७ मध्ये झांग, अ‍ॅकरमन आणि अ‍ॅडॅमिक यांनी जावा ही संगणकभाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समुदायाचं असंच जाळं काढलं होतं. वेबपानांच्या जाळ्यासाठी २००० मध्ये जो बो-टायचा आकार (मध्ये एकमेकांशी जोडलेला गाभा, एका बाजूला त्यात येणारे, दुसऱ्या बाजूला त्यातून जाणारे) सुचवला गेला होता, तोच त्यांनी इथे लावून पाहिला. एकमेकांना उत्तरं देणाऱ्यांचा गाभा तिथे साधारण १२ टक्के निघाला. वेबच्या बाबतीत तो २८ टक्क्यांच्या आसपास होता. जावाच्या समुदायात निम्म्याहून जास्त लोक फक्त विचारणारे.

त्यांचा बाण विचारणाऱ्याकडून उत्तर देणाऱ्याकडे जातो. स्नॅपचा बाण उत्तर देणाऱ्याकडून विचारणाऱ्याकडे. त्यांचं 'येणारं' ते माझं 'जाणारं'. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत हे ठळक लिहून ठेवलं, कारण दिशा उलटी धरली तरी कोड तक्रार करत नाही. तज्ज्ञांच्या यादीत नवशिके वर येतात, एवढंच.

याच अभ्यासातलं मला सगळ्यात आवडलेलं माप अगदी साधं आहे. उत्तरांतून प्रश्न वजा करायचे आणि दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. ३० उत्तरं आणि ६ प्रश्न असतील तर २४ भागिले ६, म्हणजे ४. एकच उत्तर देऊन गेलेल्याला १. जितकी उत्तरं तितकेच प्रश्न असतील तर शून्य, मग ते शंभर असोत की एक. पेजरँकच्या (बाण कुणाकडून येतो यावरही महत्त्व ठरवणाऱ्या गूगलच्या पद्धतीच्या) धर्तीवरची गुंतागुंतीची मापं शेजारी ठेवल्यावरही हे साधं माप मागे पडलं नाही. तज्ज्ञ ओळखायचा असेल तर कधी कधी जाळ्याची गरजच नसते, मोजणी पुरते. जाळ्यावर काम करणाऱ्याने हे अधूनमधून स्वतःला ऐकवायला हरकत नाही.

त्याच वर्षी वेल्झर, ग्लीव्ह, फिशर आणि स्मिथ यांनी यूजनेटवरच्या, म्हणजे जुन्या ऑनलाइन चर्चागटांमधल्या, भूमिका चित्रांवरून ओळखल्या. 'उत्तर देणारा माणूस' कसा दिसतो? तो खूप जणांना लिहितो, प्रत्येकाला थोडंच. ज्यांना लिहितो ते स्वतः फारसे कुणाला लिहीत नाहीत. त्यांचं आपापसातही बोलणं नसतं, म्हणून त्याच्याभोवती त्रिकोण कमी. चर्चेत रमणाऱ्याचं चित्र याच्या उलट. वाचताना फार पटतं. मॅथओव्हरफ्लोच्या उत्तर-थराची १.१९ ही सरासरी या चित्राशी सुसंगत आहे. पण त्रिकोणांबद्दल मला शंका आहे, त्याचं नंतर.

१५ जानेवारी

आज फाइलमध्ये अडकायला झालं ते अशा ओळींवर, जिथे पहिला आणि दुसरा क्रमांक एकच आहे. माणसाने स्वतःलाच प्रतिसाद दिलाय.

जाळ्यांच्या विश्लेषणात असे स्वतःकडे वळलेले बाण काढून टाकायची पद्धत आहे. एका ओळीचं काम. बहुतेक मापांची सूत्रंही ते नाहीत असं धरूनच लिहिलेली असतात. काढण्याआधी ते कुठून आले ते बघू म्हटलं, आणि पूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

उत्तरांच्या थरात त्यांचा अर्थ सरळ आहे. स्वतःच्या प्रश्नाला स्वतः उत्तर देता येतं, आणि गणितात तर असं होणारच: प्रश्न विचारला, चार दिवसांनी स्वतःलाच वाट सापडली, लिहून टाकली.

टिप्पण्यांच्या थरात मात्र गोष्ट वेगळी. क प्रश्न विचारतो. ख खाली लिहितो, 'फलन सतत आहे असं धरलं आहे का?' क त्याखाली लिहितो, 'हो, आणि सीमितही.' तिथल्या टिप्पण्या एकाखाली एक सरळ रांगेत असतात, फांद्या नसतात. कुठली टिप्पणी कुठल्या टिप्पणीला आहे, याची नोंद कुठेही होत नाही. नोंद होते ती फक्त कुठल्या मजकुराखाली लिहिलं याची. मग फाइलमध्ये ख चा बाण क कडे जातो, ते बरोबर. आणि क चा बाण जातो क कडेच, कारण प्रश्न त्याचा आहे. त्याने उत्तर दिलं ख ला, फाइल म्हणते स्वतःला.

आता ग येतो आणि ख ला सांगतो, 'सतत नसलं तरी चालेल, लेबेग मापावर बघा.' बाण: ग कडून क कडे. क चा या वाक्याशी संबंध इतकाच, की ते त्याच्या अंगणात बोललं गेलं.

तेव्हा स्वतःकडे वळलेले हे बाण कचरा तर नाहीतच; विचारणाऱ्याने समोरच्याशी केलेलं बोलणं नेमकं त्यांच्यातच आहे, फक्त पत्ता पुसला गेलाय. ते काढून टाकले की प्रश्न विचारणारा माणूस जाळ्यात मुका होतो. त्याला सगळे बोलतात, तो कुणालाच बोलत नाही. आणि मग 'प्रश्नकर्ते निष्क्रिय असतात' असा निष्कर्ष कुणीही काढेल, आकडे दाखवून.

१६ जानेवारी

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना कालचं दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग तुझा बाण म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, प्रतिसाद. त्या म्हणाल्या, "नाही. तुझा बाण म्हणजे जागा. प्रतिसाद तुला अजून शोधायचाय."

त्यांचं म्हणणं असं, की प्रकल्पाचा रोख बदलावा. भूमिका ओळखणं पुढे ढकलायचं. आधी एवढंच दाखवायचं, की पत्ता ठरवायचा नियम बदलला तर कुठली मापं हलतात आणि कुठली जागेवर राहतात. मला ते पटलं, जरा जड मनाने. भूमिकांची रंगीत चित्रं काढायची फार इच्छा होती.

२० जानेवारी

इतर ठिकाणी पत्ता कसा ठरतो, याची झटपट पाहणी.

ई-मेलमध्ये पत्ता लिहावाच लागतो, आणि कुठल्या पत्राला उत्तर आहे ते सांगणारं शीर्षक १९८२ च्या मानकातही आहे. तरी गटाला जाणाऱ्या पत्रात पत्ता गटाचा असतो, माणसाचा नसतो. यूजनेटवर आधीच्या संदेशांची ओळखचिन्हं मागोमाग लिहिली जायची, त्यामुळे झाड उभं करता येतं.

विकिपीडियाच्या चर्चापानांचा प्रसिद्ध डेटा आहे: २३,९४,३८५ माणसं, ५०,२१,४१० जोड्या. तिथे बाणाचा अर्थ, एकाने दुसऱ्याच्या चर्चापानावर किमान एकदा काही बदल केला. स्वागताचा साचा चिकटवणं आणि तासभर वाद घालणं, दोन्ही एकाच बाणात.

सगळ्यात कठीण म्हणजे वाहत्या गप्पा. सगळे एकाच खोलीत, ओळीमागून ओळ, चार संभाषणं एकमेकांत मिसळलेली. २०१९ मध्ये कमरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आयआरसी या जुन्या गप्पांच्या व्यवस्थेवरचे ७७,५६३ संदेश माणसांकडून वाचून घेऊन कोण कुणाला बोलतोय ते हाताने जोडलं. एवढी मेहनत करावी लागली, यातच सगळं आलं.

२३ जानेवारी

तीन रकान्यांची फाइल बाजूला ठेवली. मॅथओव्हरफ्लो ज्या संकेतस्थळांच्या समूहात आहे तो स्टॅक एक्स्चेंज स्वतः आपला पूर्ण डेटा खुल्या परवान्याखाली देतो, त्यातला मॅथओव्हरफ्लोचा भाग उतरवून घेतला. यात प्रत्येक टिप्पणीचा मजकूर, ती कुठल्या पोस्टखाली (म्हणजे प्रश्नाखाली किंवा उत्तराखाली) आहे तो क्रमांक, लिहिणारा आणि वेळ आहे. मजकुराला हात लावायचा नाही असं ६ तारखेला लिहिलं होतं. तो नियम आता एवढ्यापुरता सैल: मजकुरातून फक्त अ‍ॅट-चिन्हानंतरचं नाव उचलायचं, बाकी वाचायचं नाही.

तिथे सूचना कशी पोचते यावरून पत्त्याचे नियम बांधले. पोस्टच्या मालकाला त्याखालच्या टिप्पणीची सूचना आपोआप जाते. इतरांपैकी कुणाला पोचवायचं असेल तर अ‍ॅट-चिन्ह लावून नाव लिहावं लागतं, आणि एका टिप्पणीतून असं एकालाच बोलावता येतं. म्हणून:

टिप्पणीत नाव असेल, आणि त्या नावाचा माणूस त्याच पोस्टखाली आधी बोललेला असेल, तर पत्ता त्याचा.
नाव नसेल आणि लिहिणारा मालक नसेल, तर पत्ता मालकाचा.
नाव नसेल, लिहिणारा मालकच असेल, आणि आधी एकच जण बोलला असेल, तर पत्ता त्या एकाचा.
मालक, नाव नाही, आधी बोललेले अनेक: ठरवता येत नाही.

चौथ्या प्रकारात 'सगळ्यात जवळची आधीची टिप्पणी' धरायची सोय आहे. ती वेगळ्या रकान्यात ठेवते आहे. अंदाज आणि नोंद यांची सरमिसळ नको.

२९ जानेवारी

नावं जुळवण्यात दिवसच्या दिवस जाताहेत. लोक नावं बदलतात, पण जुन्या टिप्पणीच्या मजकुरात जुनंच नाव राहतं. नाव पूर्ण लिहायची गरज नसते, सुरुवातीची काही अक्षरं पुरतात. मग एकाच पोस्टखाली सारख्या पहिल्या नावाचे दोघं आले की घोळ. गणितात चिन्हांचा सुळसुळाट आहेच, त्यामुळे अ‍ॅट दिसलं की माणूसच असेल असंही नाही. शिवाय टिप्पण्या तिथे तात्पुरत्या मानल्या जातात आणि काढूनही टाकल्या जातात. ज्याला उत्तर दिलं त्याचं बोलणं गायब आणि उत्तर तेवढं लटकलेलं, असं पानापानावर.

एक नमुना निवडून मी आणि माझ्या सहकाऱ्याने वेगवेगळं बसून पत्ते लावले. (इथे मजकूर वाचावा लागला, इलाज नव्हता.) मतभेद कुठे होतात तेच जास्त बोलकं निघालं. 'धन्यवाद, दुरुस्त केलं' हे कुणाला, चूक दाखवणाऱ्याला की सगळ्यांना? एखाद्याने प्रश्नाखाली फक्त एका शोधनिबंधाचा दुवा दिला, तर तो प्रश्नकर्त्याला की पुढे येणाऱ्या वाचकाला? सहकारी म्हणतो वाचकाला, आणि असा पत्ता 'सर्वांसाठी' म्हणून वेगळा हवा. मी सुरुवातीला विरोध केला, कारण जाळ्यात 'सर्व' नावाचा नोड, म्हणजे माणसाच्या जागी एक बिंदू, आला की सगळी मापं त्याच्याकडे ओढली जातात. शेवटी तोडगा असा: खूण करायची, पण बाण काढायचा नाही. दोघांच्या एकमताचं माप म्हणून कोहेनचा कप्पा देणार आहोत, पण प्रत्येक प्रकाराचा वेगळा. एकच आकडा दिला तर सोप्या टिप्पण्या अवघडांना झाकून टाकतील.

४ फेब्रुवारी

परस्परता. म्हणजे क चा बाण ख कडे असेल तर ख चा क कडे आहे का. आज संगणक बंद ठेवून कागदावर विचार केला, आणि बरं झालं.

प्रश्नाखालच्या टिप्पण्यांत स्वतःकडे वळलेला प्रत्येक बाण मी आता त्या आधी बोललेल्या माणसाकडे वळवते आहे. पण तो माणूस त्या पोस्टखाली बोलला, म्हणजे त्याची जर मालकालाच उद्देशून टिप्पणी असेल, तर त्याचा मालकाकडे जाणारा बाण आधीच हजर आहे. तेव्हा माझा वळवलेला बाण आपोआप परतीचा बाण ठरतो. पत्ता दुरुस्त केला की परस्परता वाढणारच. ती लोकांनी वाढवलेली नाही, नियमाने वाढवली.

उलट बाजूने, ग ने ख ला लिहिलेलं जे आधी क च्या खात्यात जात होतं, ते आता ख कडे जाईल. त्यामुळे क कडचे काही बाण कमी होतील, आणि त्यातल्या काही जोड्या मोडतील. दोन विरुद्ध ओढी. शेवटचा आकडा कुठे स्थिरावला यावरून समुदायाच्या सौजन्याबद्दल बोलणं म्हणजे तराजूची दांडी धरून वजन सांगणं.

उत्तरांच्या थरात परस्परतेचा अर्थच निराळा आहे. तिथे परतीचा बाण म्हणजे ख ने क च्या प्रश्नाला उत्तर दिलं, आणि कधीतरी, कदाचित तीन वर्षांनी, क ने ख च्या वेगळ्याच प्रश्नाला दिलं. हे संभाषण नव्हे, भूमिकांची अदलाबदल आहे. दोन्हींना एकच नाव आणि एकच सूत्र. तक्त्यात शेजारीशेजारी छापले तर वाचणारा तुलना करणारच, म्हणून वेगळ्या पानांवर.

६ फेब्रुवारी

त्रिकोणांची शंका. क चा प्रश्न, ख चं उत्तर. ग ने ख च्या उत्तराखालीही लिहिलं आणि क च्या प्रश्नाखालीही. बाण: ख कडून क कडे, ग कडून ख कडे, ग कडून क कडे. झाला त्रिकोण! एकाच पानावर, तासाभरात, तिघांची पुन्हा कधी गाठ पडली नाही तरी. समाजशास्त्रात त्रिकोण म्हणजे मित्राचा मित्र ओळखीचा होणं. इथे त्रिकोण म्हणजे तिघांनी एकच पान उघडलं होतं. तीन रकान्यांच्या फाइलमध्ये पोस्टचा क्रमांक नसल्याने हे दोन प्रकार वेगळे काढताच येत नाहीत; पूर्ण डेटात येतात. आता त्रिकोणाच्या तीन बाजू किमान दोन वेगवेगळ्या प्रश्नांवरून आल्या असतील तरच मोजायचा.

'योगायोगाने किती झाले असते' हे ठरवायला नेहमीची पद्धत म्हणजे दोन बाण घ्यायचे आणि त्यांची टोकं अदलाबदल करायची, प्रत्येकाची बाणसंख्या तीच राहते. पण सहा वर्षांहून जास्त काळाच्या डेटात यामुळे २०१० मध्ये निघून गेलेला माणूस २०१५ मध्ये आलेल्याला उत्तर देताना दिसतो. असल्या कल्पित जाळ्याशी तुलना केली तर खरं जाळं नेहमीच विलक्षण वाटेल. म्हणून अदलाबदल एका आठवड्याच्या आतच. मॅडमनी भर घातली: विषयही तोच हवा, बैजिक भूमितीवाला संख्याशास्त्राच्या प्रश्नाकडे वळूनही बघत नाही. प्रश्नांचे मुख्य टॅग तिथे अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहाच्या विषयविभागांप्रमाणे आहेत, ते इथे कामाला आले.

१० फेब्रुवारी

चित्रांचा प्रश्न निघाला. स्नॅपच्या फाइलमध्ये नावं नाहीत, क्रमांक आहेत. पण वेळ सेकंदापर्यंत आहे आणि मूळ चर्चा सगळ्यांना खुली आहे, तेव्हा क्रमांकावरून माणूस गाठायला फारसे कष्ट नाहीत. त्यातून तिथे बरेच जण खऱ्या नावानेच लिहितात. त्यांनी गणित बोलायला नाव दिलं होतं, 'याला कुणी परत उत्तर देत नाही' असं आलेखात टिपलं जायला नव्हे. एकेका माणसाचं चित्र अहवालात नाही. सहकाऱ्याला हे थोडं जास्तच सोवळं वाटतं. चर्चा संपलेली नाही, पण निर्णय झाला.

१३ फेब्रुवारी

परस्परता नियमातच अडकली असेल तर संभाषण कशावरून ओळखायचं? तिसऱ्या पाळीवरून. ख ने क ला लिहिलं, क ने ख ला लिहिलं, आणि ख पुन्हा आला. पहिली पाळी कुणीही खेळतो. दुसरी पाळी मालकाने सभ्यतेपोटी खेळलेली असू शकते, आणि तिचा पत्ता आमच्या नियमाने ठरवलेला आहे. तिसऱ्या पाळीत ख ला परत यावं लागतं, आणि ख मालक नसल्याने त्याचा बाण क कडे जायला कुठलाही अंदाज लागत नाही. म्हणजे ज्या बाणावर सगळं अवलंबून आहे, तोच सगळ्यात खात्रीचा.

तीन बाणांच्या अशा काळानुसार येणाऱ्या आकृत्या मोजायची पद्धत परांजपे, बेन्सन आणि लेस्कोवेक यांनी २०१७ मध्ये दिली, आणि मॅथओव्हरफ्लोचा हा डेटाही त्याच कामाबरोबर आलेला आहे. दोन किंवा तीन माणसं आणि तीन बाण यांच्या एकूण ३६ आकृत्या होतात. मला हवी ती त्यातली एकच, दोघांमधली जा-ये-जा. त्यांच्या मोजणीत तीन बाण एका तासात यावे लागतात. निरोपांच्या डेटाला ते ठीक. गणितात एखादा माणूस तुमची शंका घेऊन झोपायला जातो आणि परवा लिहितो, 'तुमचं प्रतिउदाहरण चुकतंय, कारण...' घड्याळाची खिडकी लावली तर उत्तम संभाषणंच बाहेर पडतील. म्हणून खिडकी वेळेची नाही, पोस्टची: तिन्ही बाण एकाच प्रश्नाखाली किंवा एकाच उत्तराखाली असले पाहिजेत, मध्ये कितीही दिवस जावोत.

यात एक गोष्ट सुटते. बोलणं लांबलं की लोक उत्तरच दुरुस्त करतात आणि टिप्पण्या थांबतात. तिसरी पाळी खेळली गेली, पण मजकुराच्या दुरुस्तीत. पोस्टचा दुरुस्ती-इतिहास पूर्ण डेटात आहे. टिप्पणीनंतर मालकाने केलेली दुरुस्ती हा प्रतिसाद धरायचा का, यावर मॅडम हो म्हणतात, सहकारी नाही म्हणतो. मी तूर्तास दोन्ही रकाने ठेवले आहेत: दुरुस्ती धरून आणि न धरता. उद्या उत्तराखालच्या टिप्पण्यांपासून सुरुवात, कारण २.४१ तिथलंच आहे.